रात्री वर ठेवलेलं मशीन सकाळी पाण्यात: टिल्टचा सिलिंडर घरी खोलताना

संध्याकाळची शेवटची फेरी संपवायची, होडी खाडीत नांगरायची, बटण दाबून मागचं मशीन (आउटबोर्ड इंजिन) पूर्ण वर घ्यायचं आणि घरी जायचं. सकाळी येऊन बघतो तर पंखा पाण्यात. पहिल्या दिवशी वाटलं, शेजारच्या पोरांनी बटणाशी खेळ केला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी ओहोटीला होडी टेकली तेव्हा पंख्याचं एक पातं रेतीत रुतून त्याची कड मुडपली होती. तिथून हा त्रास तीन हंगाम माझ्या मागे होता.

मी देवबागचा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. धंदा पर्यटकांच्या होडीचा: सकाळी डॉल्फिन, मग संगम, त्सुनामी बेट. मासेमारीच्या होडीवर मशीन दिवसातून दोन-चार वेळा वर-खाली होतं. आमच्याकडे माणसं उतरवताना, चढवताना, उथळात शिरताना दर वेळी बटण दाबावं लागतं. सुट्ट्यांच्या दिवसांत तीस-चाळीस वेळा सहज. त्यात रेती, खारं पाणी आणि वरून ऊन. टिल्टचा, म्हणजे मशीन वर-खाली करणारा, तेलाच्या दाबाचा सिलिंडर आमच्याकडे लवकर थकतो यात नवल नाही. पण दुरुस्त केल्यावर तोच दोष परत परत येत असेल, तर मूळ कारणाला कोणी हात लावलेला नसतो.

पहिल्या दोन्ही वेळा मी युनिट काढून बाहेर दुरुस्तीला दिलं. दोन्ही वेळा सिलिंडरच्या वरच्या टोपीचं सील (रॉडभोवती तेल अडवणारं रबर) बदलून आलं, दोन्ही वेळा महिना-दोन महिने बरं चाललं, आणि दोन्ही वेळा ऐन नाताळात रॉडवर परत तेलाची ओल दिसली. तिसऱ्या वेळी मी स्वतः खोलायचं ठरवलं. माझे मोठे काका, ज्यांचं आयुष्य होडीवर गेलं, ते पायरीवर बसून बघत होते. मी पाना हातात घेतला तसे म्हणाले, "आधी बघ, तेल खंय जाता तां. मगे पानो लाव." पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

आत काय चालतं

४० घोड्यांच्या वरच्या बऱ्याच मशीनना बटणावर चालणारं टिल्ट-ट्रिम असतं. बॅटरीवरची १२ व्होल्टची छोटी मोटर एक गिअरपंप फिरवते. मोटर एका दिशेने फिरली की तेल सिलिंडरच्या खालच्या बाजूला जातं, उलट फिरली की वरच्या बाजूला. बटण सोडलं की दोन्ही वाटांवरचे चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने सोडणारे) बंद होतात आणि तेल आत कोंडलं जातं. ६० घोड्यांचं फोर-स्ट्रोक मशीन शंभर किलोच्या वर भरतं. रात्रभर ते वर राहतं ते या कोंडलेल्या तेलावर.

पंप आणि व्हॉल्व्हच्या ब्लॉकवर, मशीन धरणाऱ्या ब्रॅकेटच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून फिरवता येईल असा एक स्क्रू असतो. बॅटरी मेली तर मशीन हाताने उचलता यावं म्हणून तो आहे. आपण त्याला रिलीज स्क्रू म्हणू. मुख्य रॉडच्या पिस्टनमध्ये बारीक गोळ्या आणि स्प्रिंगांचे शॉक व्हॉल्व्ह असतात. मशीनचा पाय पाण्यातल्या ओंडक्यावर आपटला की तेल त्यांतून निसटतं, मशीन मागे उडतं आणि काही न मोडता परत खाली येतं. कुठे परत यायचं हे सांगायला त्या पिस्टनच्या खाली दुसरा एक सुटा पिस्टन असतो, रॉडला न जोडलेला.

आता पुढचा भाग सावकाश वाचा.

मशीन बसायला लागलं की सगळे म्हणतात, पिस्टनची ओ-रिंग (भोवतीची रबरी गोल रिंग) गेली. हे अर्धंच खरं आहे. समजा दोन्ही पिस्टनच्या ओ-रिंगा गळतायत आणि खालचं तेल वरच्या कप्प्यात चाललंय. पण वरच्या कप्प्यात रॉड आहे, त्याने जागा व्यापलीय. रॉड जेवढा आत शिरेल तेवढ्या जागेचं तेल सिलिंडरच्या बाहेर पडायलाच हवं. वरच्या वाटेचा चेक व्हॉल्व्ह घट्ट असेल तर ते पडणार कुठून? मशीन थोडंसं बसतं आणि थांबतं. मात्र थांबताना आतला दाब चढतो. आधी मशीनचं वजन पिस्टनच्या पूर्ण तोंडावर तोललेलं होतं, आता ते फक्त रॉडच्या जाडीवर तोलायचंय. सिलिंडरचं भोक ४० मि.मी. आणि रॉड १६ मि.मी. धरला तर ४० भागिले १६ म्हणजे अडीच, आणि अडीचचा वर्ग सव्वासहा. सव्वासहा पट दाब, आणि तो येतो टोपीतल्या सीलवर, जे एरवी मशीन वर असताना जवळजवळ आरामात असतं.

माझ्या टोपीचं सील दर नाताळात का हरत होतं याचं निम्मं उत्तर इथे होतं. गळत होतं टोपीतून, पण दोष आत पिस्टनवर होता. सील बदलणाऱ्याने जिथे ओल दिसली तिथेच काम केलं.

पाना लावण्याआधी

पहिल्यांदा रिलीज स्क्रू. तो कोणीतरी अर्धवट सैल सोडलेला असतो, हे वाटतं त्याहून जास्त वेळा घडतं. घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा. जोर लावून पिळू नका, आतली बैठक चिरडते.

मग तेल. टिल्टच्या तेलाच्या टाकीचं बूच मशीन पूर्ण वर आणि टेकूच्या खटक्यावर (मशीन वर अडकवून ठेवणाऱ्या) असतानाच उघडायचं. खाली असताना उघडलं तर तेल दाबाने तोंडावर येतं. चांगलं तेल लाल आणि पारदर्शक. सोलकढीच्या रंगाचं दिसलं तर पाणी शिरलंय, आणि ते बहुधा रॉडच्या वायपर सीलमधून (बाहेरचं पाणी-रेती पुसणाऱ्या) नाहीतर बुचाच्या ओ-रिंगमधून आलेलं असतं. काळपट असेल तर आत घर्षण चालू आहे. पातळी कमी असेल तर तेल बाहेर गेलेलं आहे, कुठून ते शोधा. पातळी बरोबर असून मशीन बसत असेल तर तेल आतल्या आत फिरतंय. या एका निरीक्षणाने निम्मा प्रश्न सुटतो.

मग रेघ. होडी जमिनीवर असताना मशीन पूर्ण वर घ्या, टेकूचा खटका लावू नका, रॉड कोरडा पुसा आणि टोपीच्या वर पट्टीने मोजून मार्करने एक बारीक रेघ मारा. टोपीभोवती टिश्यू पेपर गुंडाळा. मशीनखाली माणूस, कुत्रं, सामान काही नको. एका तासाने अंतर मोजा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी. काही मिनिटांत सरसर खाली आलं तर रिलीज स्क्रू किंवा चेक व्हॉल्व्हखाली कचरा. रात्रभरात हळूहळू आलं आणि टिश्यू कोरडा, तर परत तेच दोघे, पण यावेळी संशय रिलीज स्क्रूच्या बारीक ओ-रिंगांवर जास्त. काही मिलिमीटर बसून थांबलं आणि टिश्यू लाल झाला, तर वर सांगितलेली पिस्टनची गोष्ट. टिश्यू लाल, पातळी कमी, आणि रॉडला बोट लावलं की खडबडीत, तर रॉड आणि सील दोन्ही.

रिव्हर्सला मशीन आपोआप वर उचललं जात असेल तर तो उलट बाजूचा दोष: तेलात हवा, खाली धरणारा चेक व्हॉल्व्ह किंवा शॉक व्हॉल्व्हमध्ये अडकलेला कण. हा दोष अंगावर काढू नका. लाटेच्या पट्ट्यातून मागे होडी काढताना मशीन उचललं गेलं की पंखा हवेत जातो, होडी आडवी होते, आणि त्या वेळी होडीत माणसं असतात.

मोटरच फिरत नसेल, नुसता टक आवाज येत असेल, तर सिलिंडरला हात लावू नका. बटण दाबून धरा आणि मोटरच्या वायरींवर व्होल्टेज मोजा. १० च्या खाली येत असेल तर बॅटरी, वायरींच्या टोकांचे गंजलेले लग, रिले बघा. व्होल्टेज पूर्ण मिळूनही फिरत नसेल तर मोटरचे कार्बन ब्रश.

टोपी

मी होडी परसात ओढून घेतली, फणसाच्या जाड फांदीला चेनपुली लावली आणि मशीन वरच्या, उचलायच्या डोळ्याला धरून लटकतं ठेवलं. टेकूच्या खटक्यावर भरवसा ठेवून सिलिंडरची पिन काढू नका. सिलिंडर निघाला आणि खटका निसटला तर मशीनला धरणारं दुसरं काही नसतं. वजन पुलीवर आल्यावर रिलीज स्क्रू उघडून आतला दाब सोडला, मोटरच्या वायरी सोडवल्या, वरची-खालची पिन काढली. युनिट विहिरीच्या गोड्या पाण्याने आणि ब्रशने धुऊन मगच पडवीत घेतलं. बाहेरचा एक रेतीचा कण आत गेला तर सगळी मेहनत वाया जाते.

टोपीवर दोन बारीक भोकं असतात, त्यात बसणारा दोन पिनांचा पाना लागतो. माझ्या टोपीच्या भोकांमधलं अंतर कॅलिपरने ३२ मि.मी. भरलं आणि पिना ४ मि.मी.च्या. तुमचं माप तुम्ही घ्या. कुडाळच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरने जाड पट्टीला जुन्या ड्रिलच्या शेपट्या वेल्ड करून अर्ध्या तासात पाना करून दिला. छिन्नी आणि हातोडा लावून टोपी फिरवायचा मोह आवरा. भोकाची कड एकदा उडाली की पुढे पाना धरत नाही आणि टोपी लेथवर कापून काढावी लागते.

तरीही टोपी हलत नव्हती. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टीलची टोपी आणि मधे वर्षानुवर्षांचं मीठ, ते दगडासारखं बसतं. इथे आईच्या बंबातलं पाणी कामाला आलं. ॲल्युमिनियम उष्णतेने स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. सिलिंडरच्या बाहेरून, टोपीवर नव्हे, कढत पाणी सावकाश ओतत राहिलं की बाहेरचा घेर फुगतो आणि आटा सैल होतो. आधी रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरवलं होतं. तीन तांबे पाणी, मग पाना, मग परत पाणी. चौथ्या खेपेला कुरकुर असा आवाज आला आणि टोपी पाव आटा फिरली. लगेच पूर्ण ओढू नका. पाव आटा पुढे, थोडं मागे, परत तेल, परत पुढे. आट्यात अडकलेलं पांढरं मीठ भुकटी होऊन बाहेर येतं. ब्लोलॅम्प मात्र अजिबात नको. आत तेल असतं, आणि बंद जागेतलं तेल तापलं तर काय होईल ते सांगायला नको.

टोपी सुटली की रॉड सरळ वर ओढायचा. सुटा पिस्टन तळाशी राहतो. तो हवेच्या दाबाने काढतात. तोंडावर जाड फडक्याची घडी दाबून लाकडाच्या ठोकळ्यावर धरा आणि हवा थेंबाथेंबाने सोडा. एकदम सोडलीत तर तो गोळीसारखा सुटतो.

मुख्य रॉडच्या एका टोकाला डोळा आणि दुसऱ्याला पिस्टन, त्यामुळे टोपी रॉडवरून काढायची तर पिस्टनचा नट सोडावाच लागतो. तो नट लॉकटाइटने (आटे चिकटवणाऱ्या गोंदाने) बसवलेला असतो, हीटगनने गरम करून सोडा. नट निघाला की शॉक व्हॉल्व्हच्या गोळ्या आणि स्प्रिंगा मोकळ्या होतात. मी आईची पितळी परात घेतली, त्यात ओला पांढरा फडका अंथरला आणि रॉड त्याच्या वर धरूनच नट काढला. गोळ्या फडक्यावर पडल्या आणि तिथेच राहिल्या. कोरड्या लादीवर पडल्या असत्या तर अजून शोधत असतो. मोजून, फोटो काढून, त्याच क्रमाने वाटीत ठेवा.

जे मिळालं

पिस्टनची ओ-रिंग काढून सुरीने आडवी कापली. गोल असायला हवा तो काप चौकोनी दिसत होता. रबर दबून दबून खाचेच्याच आकाराचं झालं होतं, भिंतीवर दाब द्यायला त्यात काही उरलं नव्हतं. दोनदा दुरुस्तीला जाऊनही तिला कोणी हात लावला नव्हता, हे रबराचा कडकपणा सांगत होता.

दुसरं, रॉड. डोळ्यांना तो चकचकीत दिसत होता. बोटाने घासला तरी फारसं कळलं नाही. मग कापसाचा बोळा सैल धरून रॉडभोवती फिरवला, तर टोपीच्या साधारण बोटभर वर एका जागी कापसाचे तंतू अडकून राहिले. भिंगातून पाहिलं तर क्रोमला टाचणीच्या टोकाएवढे पाच-सहा खड्डे, एका ओळीत. मशीन रोज संध्याकाळी एकाच उंचीवर थांबायचं, टोपीच्या कडेवर खारं पाणी साचून रात्रभर तिथेच वाळायचं. प्रत्येक वेळी रॉड आत-बाहेर झाला की ते खड्डे सीलच्या ओठावरून किसणीसारखे जायचे. नवीन सील घाला, दोन महिने, आणि परत थेंब.

खड्डे सीलच्या वाटेत नसतील, अगदी वरच्या टोकाला असतील, तर चालवून घेता येतं. एखाददुसरा बारीक असेल तर त्याच्या कडा २००० नंबरच्या पाणपेपरने तेल लावून मोडायच्या. पेपर रॉडभोवती गोल फिरवायचा, लांबीच्या दिशेने कधीही नाही, कारण लांबीतला ओरखडा म्हणजे तेलाला बाहेर जायची मोरीच. खड्ड्यात एपॉक्सी भरून सपाट करतात, त्यावर एक हंगाम निघतो, तो तात्पुरताच उपाय धरावा. मी रॉड कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवला. जुनं क्रोम काढून नवीन हार्ड क्रोम चढवलं आणि ग्राइंडिंग करून मूळ मापावर आणलं. रॉड देण्याआधी सपाट काचेवर घरंगळवून बघा. डुगडुगत जात असेल तर वाकलाय, मग क्रोमचा खर्च करू नका.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नख फिरवा. नख अडेल अशी रेघ पिस्टनच्या वाटेत असेल तर तो सिलिंडर बदलायचाच. होनिंगचा दगड ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला लावू नका, वरचा कडक थर जातो.

मापाची चूक, जी मी केली

सीलं बसवली, युनिट जोडलं, रेघ मारली. टोपी कोरडी ठणठणीत. आणि सकाळी मशीन परत चार बोटं खाली. त्या दिवशी मी खरोखर खचलो होतो. काका फक्त एवढंच म्हणाले, "तेल खंय गेला?" टाकीची पातळी तंतोतंत होती. म्हणजे आतल्या आत.

ओ-रिंगा मी महामार्गावरच्या एका दुकानातून आणल्या होत्या, जिथे जेसीबीवाले सीलं घेतात. जुन्या रिंगा घेऊन गेलो आणि पेटीतल्या त्यातल्या त्यात जुळणाऱ्या उचलल्या. इथेच चुकलं. जपानी मशीनच्या ओ-रिंगा जपानी मापाच्या असतात: जाडी १.९, २.४, ३.५ मि.मी. अमेरिकी इंची मापाच्या पेटीत १.७८, २.६२, ३.५३ मिळतात. ३.५ आणि ३.५३ मध्ये काही अडत नाही. पण रिलीज स्क्रूच्या २.४ च्या खाचेत मी २.६२ ची रिंग बसवली होती. ती फुगीर राहिली, स्क्रू आत ढकलताना भोकाच्या धारदार कडेने तिची साल निघाली, आणि ती साल तेलाबरोबर चेक व्हॉल्व्हमध्ये गेली. व्हॉल्व्ह खोलला तेव्हा गोळीच्या बैठकीवर नखाच्या कातरणीएवढी काळी, कुरळी साल पडलेली होती. शंभर किलोचं मशीन तेवढ्याने उतरत होतं.

म्हणून जुन्या रिंगेचं माप घेऊ नका, ती दबलेली असते. खाचेचं माप घ्या. खाचेची खोली २ मि.मी. असेल तर २.४ ची रिंग ०.४ दबते, म्हणजे साधारण १७ टक्के, आणि सरकणाऱ्या सीलसाठी १० ते २० टक्के हा पट्टा बरोबर आहे. कॅलिपर नसेल तर विकत घ्या, इतर कुठल्याही हत्याराआधी. दुकानात "जपानी पी सिरीज" असं स्पष्ट मागा, आणि मटेरियल नायट्राइल. ईपीडीएम रबराच्या रिंगा ब्रेकसाठी असतात, त्या या तेलात फुगून मऊ होतात. तसंच टिल्टच्या टाकीत ब्रेक ऑइल कधीही ओतू नका. नायट्राइल सीलं त्यात सुजतात आणि सगळं युनिट परत खोलावं लागतं. अडीअडचणीला असं ओतणारे किनाऱ्यावर मी पाहिलेत.

चेक व्हॉल्व्ह, पंपाची जाळी, वाटा सगळं त्याच तेलाने धुवा आणि हवेने फुंका. कापसाचा किंवा सुती चिंध्यांचा धागा आत राहू देऊ नका. रिलीफ व्हॉल्व्हचे दाब ठरवणारे स्क्रू दिसले तर त्यांना हात लावू नका.

बसवताना

रॉडच्या सीलचा उघडा, खाचेचा ओठ तेलाच्या बाजूला, म्हणजे आत. वायपरचा ओठ बाहेर, समुद्राकडे. उलटं बसवलेलं सील पहिल्याच दिवशी गळतं आणि माणूस मालाला दोष देतो. सील तेलात बुडवून ठेवा, बोटांनी वालाच्या दाण्यासारखा आकार देऊन खाचेत सोडा. स्क्रूड्रायव्हर वापरू नका. मी बांबूची कांबी तासून, पाणपेपरने गुळगुळीत करून घेतली, तिने रबराला ओरखडा जात नाही. रॉडच्या आट्यावरून सील सरकवताना आट्यावर टेप गुंडाळा. पिस्टनचा नट आधीसारखाच, आटे स्वच्छ करून नवीन लॉकटाइटने.

सुटा पिस्टन तळाला ढकला, सिलिंडरमध्ये तेल ओता, रॉड सावकाश बसवा, टोपीच्या आट्याला मरीन ग्रीस लावून पुस्तकातल्या टॉर्कने घट्ट करा. ते ग्रीस पुढच्या वेळचं आधणाचं पाणी वाचवतं. तेल आपल्या मशीनच्या पुस्तकात लिहिलं असेल तेच. यामाहाच्या पुस्तकात डेक्सरॉन-२ जातीचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) दिलेलं असतं, काही कंपन्यांचं वेगळं असतं.

हवा काढायला घाई नको. युनिट टेबलावर उभं ठेवून बॅटरीच्या वायरी लावून चालवता येतं. बहुतेक मशीनना निळी वायर वर नेणारी, हिरवी खाली आणणारी. पूर्ण वर, पूर्ण खाली, मग तेल बघून भरा. पाच-सहा फेऱ्या. दर फेरीनंतर पाच मिनिटं थांबा, म्हणजे फेस बसतो आणि मोटरही थंड होते. आवाज सुरुवातीला खरखरीत असतो. हवा गेली की तो एकसारखा, जाड होतो.

पावसाळ्याआधी

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटनाच्या होड्याही मे संपता संपता वर येतात. तेव्हापासून मशीन महिनोन् महिने वर उचललेलं, रॉड पूर्ण बाहेर आणि पावसाळी खारी हवा. खड्डे याच दिवसांत पडतात. होडी जमिनीवर असेल तर मशीन खाली, सरळ ठेवा, म्हणजे रॉड आत तेलात राहतो. खाडीत ठेवावीच लागत असेल तर टेकूचा खटका लावून मशीन त्यावर टेकवा आणि मग खालचं बटण दाबून दोन्ही छोटे ट्रिम रॉड (मुख्य रॉडच्या दोन बाजूंचे) आत घ्या. उघड्या राहिलेल्या मुख्य रॉडला गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, ग्रीसचा पातळ थर द्या, आणि बार्नेकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) बसले असतील तर लोखंडी पत्रीने खरवडू नका, ओलं असतानाच प्लास्टिकच्या पट्टीने काढा. ब्रॅकेटखालचा झिंकचा तुकडा निम्मा झिजला की बदला आणि त्यावर रंग लावू नका. रंगवलेला झिंक काम करत नाही, मग मीठ ॲल्युमिनियम खातं.

सीझनमध्ये रोज संध्याकाळी मी एक करतो. मशीन खटक्यावर टेकवतो, पण आधी रॉडवर एक तांब्या गोडं पाणी ओतून. टोपीच्या कडेवर साचलेलं मीठ धुतलं गेलं की त्या बोटभर जागेला रात्र सुखाची जाते.

नारळी पौर्णिमा होऊन होडी परत पाण्यात घालायच्या आदल्या रात्री, जमिनीवर असतानाच, खटका न लावता एक रेघ मारून ठेवा आणि सकाळी मोजा. माझी गेल्या खेपेला संध्याकाळी १४२ मि.मी. होती. सकाळी १४१ भरली, आणि टिश्यू कोरडा होता.